जुनी धरणे, त्यांचे मालक आणि त्यांचे राखणदार

वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा इथे उगम पावते आणि पूर्णेच्या वाटेने तापीला जाऊन मिळते. पूस, अडाण, अरुणावती या नद्या पैनगंगेकडे उतरतात आणि शेवटी गोदावरीच्या होतात. माथ्यावरच्या मुलखात नद्या लहान, म्हणून धरणेही लहानच. अडाण, सोनल हे मध्यम प्रकल्प, वाशीम शहराला पाणी पुरवणारे एकबुर्जी, मंगरूळपीरकडचे मोतसावंगा आणि त्याखाली गावोगावचे लघुसिंचन तलाव, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे, शेततळी. राज्यभरातल्या अशा लहान कामांचा मोठा भाग १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या वर्षांत उभा राहिला. त्या पिढीची धरणे आता पन्नाशीच्या घरात आहेत.

अशा धरणांपैकी काहींचे मूळ काम आता उरलेले नाही. कालवा बुजलेला असतो, लाभक्षेत्रातले शेतकरी विहिरीवर किंवा बोअरवर गेलेले असतात. पण सांडवा वाहू लागला की रविवारी तिथे मोटारसायकली लागतात, भज्यांची गाडी येते, पोरे भिंतीवरून उड्या मारतात. पाण्याचा धंदा संपला आणि करमणूक सुरू झाली, की भिंत सांभाळायची कोणी, हा प्रश्न पुढे येतो. जगात तो बहुधा ‘जुने, खासगी, सहलीसाठी वापरले जाणारे धरण’ या रूपात चर्चिला जातो. महाराष्ट्रात त्याची रूपे वेगळी आहेत. ही चर्चा आज कुठवर आली आहे ते वाशीमच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न.

मालकीची पूर्वपीठिका

विदर्भात खासगी तलाव ही नवलाची गोष्ट नाही, मात्र ती पूर्व विदर्भातली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधलेले हजारो तलाव मालगुजारांच्या मालकीचे होते. मालगुजार पाणी देई, त्या बदल्यात गाव पाळीवर माती टाकी, गाळ काढी, पावसाळ्याआधी पाणी सोडण्याचे तोंड साफ करी. ही व्यवस्था समतेची नव्हती. पण तलाव कोणाचा आणि फुटला तर कोणाला धरायचे हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. १९५०च्या मध्य प्रदेश कायद्याने मालकी हक्क संपले आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. निस्तार हक्कामुळे, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कामुळे, पाणी फुकट मिळत राहिले, पण पाळीवर माती टाकण्याची रीत मोडली. मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीची मागणी आज सत्तर वर्षांनंतरही विधिमंडळात निघते, तिचे मूळ इथे आहे.

वाशीमची गोष्ट वेगळी. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी लागू झाली. इजारदारीची गावे होती, पण मालगुजारीसारखी तलावांची खासगी परंपरा इथे रुजली नाही. जुने तलाव आहेत ते तीर्थांचे आणि नगरांचे. वाशीमचे पद्मतीर्थ, भवानी काळूंनी अठराव्या शतकात बांधलेल्या बालाजी मंदिराजवळचा देव तलाव, कारंजाचा ऋषी तलाव. यांचा वापर स्नान, विसर्जन, जत्रा आणि आता फिरणे असाच राहिला. म्हणजे सिंचनाचा महसूल न देणारे पाणी सांभाळण्याचा अनुभव या जिल्ह्याला पूर्वीपासून आहे, फक्त त्याला धरणाचा प्रश्न असे कोणी म्हटले नाही.

कागदावर आजची स्थिती अशी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २० प्रमाणे जे तलाव, तळी, नाले कोणाच्या कायदेशीर मालकीचे नाहीत ते शासनाचे. मोठे आणि मध्यम प्रकल्प विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे, त्याहून लहान मृद व जलसंधारण विभागाकडे, सर्वांत लहान जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे. विभागणी लाभक्षेत्राच्या हेक्टरांवरून होते. भिंतीची उंची किंवा खाली किती घरे आहेत, हा निकष तिच्यात नाही. शेततळे मात्र शेतकऱ्याचे स्वतःचे, सातबाऱ्यावर नोंद असलेले. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर या खासगी पाण्याची संख्या झपाट्याने वाढली. तिथला धोका भिंत फुटण्याचा कमी आणि प्लॅस्टिक अस्तरावरून पाय घसरून बुडण्याचा जास्त आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मातीची भिंत म्हातारी कशी होते

मालकीच्या वादात भिंत विसरली जाते, म्हणून तिच्याकडे जवळून पाहिले पाहिजे.

मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो आणि दोन्ही अंगांना मुरमाचे कवच. पाण्याच्या बाजूला लाटांचा मार सोसण्यासाठी दगडी पिचिंग, कोरड्या बाजूला गवत आणि पायथ्याशी झिरपलेले पाणी गोळा करणारा दगडी निचरा. मातीचे कोणतेही धरण थोडे झिरपतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जुना चौकीदार पायथ्याच्या नालीतले पाणी ओंजळीत घेऊन पाहतो ते त्याचा रंग बघायला. पाणी स्वच्छ असेल तर धरण नुसते घाम गाळते आहे. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे आणि भिंतीत कुठेतरी नळी पडते आहे. ही नळी एकदा मोठी झाली की वेळ दिवसांत नव्हे, तासांत मोजावी लागते.

वाशीमच्या काळ्या मातीला दुसरी खोड आहे. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. तलाव उन्हाळ्यात कोरडा पडला की माथ्यावरच्या भेगा खोल जातात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी झपाट्याने चढले तर ते त्याच भेगांतून वाट शोधते. त्यात भिंतीवर माजलेली बाभूळ. झाड जिवंत आहे तोवर मुळे माती धरून ठेवतात असे वाटते; ते वाळले की कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळी उरते. उंदीर, घुशी आणि खेकडे त्यात भर घालतात.

खेकड्यांवरून आठवण निघणारच. २ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे सांगितले, त्यावर राज्यभर विनोद झाले. खरे तर प्राण्यांची बिळे हे मातीच्या धरणांच्या ऱ्हासाचे जगभर मान्य असलेले कारण आहे. हसण्याजोगे काही असेल तर ते इतकेच की तपासणीची जबाबदारी खेकड्यावर नसते, माणसावर असते. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तिवरे काही म्हातारे धरणही नव्हते. वयापेक्षा दुर्लक्ष भारी पडते, हा त्याचा पहिला धडा.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा अवयव सांडवा. मातीचे धरण पाणी अडवू शकते, अंगावरून वाहू देऊ शकत नाही. माथ्यावरून पाणी उतरले की भिंत विरघळते. म्हणून सांडव्याची रुंदी आणि उंची कागदावर असते तेवढीच प्रत्यक्षात मोकळी राहिली पाहिजे. आपल्याकडे मात्र सांडवा ही सगळ्यांची सोय होऊन बसते. जास्त पाणी राहावे म्हणून शेतकरी त्यावर वाळूची पोती रचतात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून ठेका घेतलेली संस्था किंवा ठेकेदार त्यावर जाळी बांधतो. ती काडीकचऱ्याने भरली की सांडव्याचे तोंड बंद. पुढच्या नाल्यात कोणाची तरी तूर उभी असते. यातला कोणीही वाईट हेतूने काही करत नाही.

करमणुकीचे धरण

सांडव्यावरची जाळी वाचून अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणाची गोष्ट आठवते. खासगी सहलीच्या धरणाची चर्चा जगात कुठेही निघाली तरी ती इथून सुरू होते.

पेनसिल्व्हेनिया राज्याने एका कालव्याला पाणी पुरवण्यासाठी हे मातीचे धरण बांधले, ते १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले. तोवर रेल्वे आली आणि कालव्याचे काम संपले. राज्याने ते रेल्वे कंपनीला विकले, रेल्वेने एका खासगी माणसाला. त्याने तळाचे पाणी सोडण्याचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये ते एका श्रीमंत क्लबच्या हाती आले. कार्नेगी, फ्रिक यांच्यासारखे पोलादसम्राट त्याचे सभासद. क्लबने तलाव भरून घेतला, बग्गी जावी म्हणून माथा थोडा खाली केला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेले. खालचे जॉन्सटाउन शहर वाहून गेले, २,२०९ माणसे मेली. क्लबविरुद्धच्या दाव्यांत कोणालाही जबाबदार ठरवले गेले नाही. तो देवाचा कोप मानला गेला. त्या निकालांनी इतकी चीड निर्माण झाली की धरणमालकाची कडक जबाबदारी मानणारे तत्त्व अमेरिकी न्यायालयांत रुजायला हीच दुर्घटना कारण झाली, असे कायद्याचे अभ्यासक सांगतात.

मालक बदलत जातात, प्रत्येक हस्तांतरात धरणाचा एखादा अवयव हरवतो आणि शेवटचा मालक फक्त देखाव्याचा मालक उरतो. साउथ फोर्कचा हा क्रम महाराष्ट्रात पूर्णपणे घडलेला नाही. तुकड्यातुकड्यांनी मात्र दिसतो.

लोणावळ्याचे भुशी धरण एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. वाफेची इंजिने गेली, धरण रेल्वेकडेच राहिले. आज त्याच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी हीच त्याची ओळख. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या वरच्या अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. धरणाला काही झाले नव्हते. पण पाणलोटाची जागा, भिंत, रस्ता आणि तिथली गर्दी यांवर रेल्वे, वनखाते, नगर परिषद आणि पोलीस अशा वेगवेगळ्या यंत्रणांची हद्द लागते, हे त्यानंतर सर्वांच्या ध्यानात आले. धरण सुरक्षित असणे आणि धरणावर माणूस सुरक्षित असणे या दोन गोष्टी आहेत. आपल्या धरणविषयक कायद्याचा भर पहिलीवर आहे. दुसरी दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशावर सोडलेली आहे.

त्याच लोणावळ्यात खासगी मालकीचा उलटा नमुनाही आहे. टाटांच्या जलविद्युत कंपनीने १९१०च्या दशकात वळवण, शिरवता ही धरणे बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू केले. टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो वाद मालकीचा आणि विस्थापनाचा होता, आणि त्याची धग अजून विझलेली नाही; भीमा खोऱ्यातले पाणी कोकणात का जावे, हा प्रश्नही सतत विचारला जातो. परंतु लोणावळ्याची ही धरणे शंभरी ओलांडूनही कामात आहेत, कारण त्यांतल्या पाण्याची रोज वीज होते आणि विजेचे पैसे येतात. खासगी मालक असला की भिंत सुटते असे म्हणणाऱ्यांना ही धरणे गैरसोयीची आहेत.

लवासा तिसरा नमुना. मुळशी तालुक्यात वरसगावच्या पाणलोटात उभ्या राहिलेल्या या खासगी नगरात दासवेचा तलाव हा देखावाही होता आणि पाणीपुरवठाही. पर्यावरण मंजुरी, पाटबंधारे महामंडळाची जमीन, शेतकऱ्यांचे पाणी यांवर खूप लिहिले गेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतर या चर्चेला एक नवा मुद्दा मिळाला: मालक कंपनी बुडाली तर भिंतीची देखभाल धनकोंच्या यादीत कितव्या क्रमांकावर येते? बँकेचे कर्ज थकले तर तिच्याकडे तारण तरी असते. धरणाखालच्या गावाकडे कोणतेही तारण नसते.

अमेरिकेने याचे उत्तर २०२०मध्ये पाहिले. मिशिगनमधले एडनव्हिल धरण १९२०च्या दशकातले, खासगी कंपनीचे, मागच्या तलावाकाठी सुट्टीची घरे. सांडव्याची क्षमता वाढवत नाही म्हणून केंद्रीय नियामकाने २०१८ मध्ये कंपनीचा वीजपरवाना काढून घेतला. परवाना गेला तसे उत्पन्न गेले आणि देखरेख केंद्राकडून राज्याकडे आली. १९ मे २०२० रोजी भिंत खचली, खालचे सॅनफोर्ड धरणही गेले आणि सुमारे दहा हजार लोकांना घरे सोडावी लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तलाव पुन्हा उभे करण्याच्या खर्चाचा वाटा अखेर काठावरच्या मिळकतदारांवर विशेष आकारणी म्हणून पडला. नियामकाने कडकपणा केला तो योग्यच होता, पण कडकपणामुळे दुरुस्तीचा पैसाही आटला. हे कोडे अजून कोणी सोडवलेले नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात धरणफुटीची जबाबदारी न्यायालयापुढे आली ती खासगी तलावांच्याच निमित्ताने. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रास रेल्वे कंपनीचा कार्वेटीनगरच्या जमीनदाराविरुद्धचा दावा आला. जमीनदाराचे जुने तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचे नुकसान झाले. इंग्लंडमध्ये काही वर्षे आधीच, रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात, पाणी साठवणाऱ्याने ते निसटल्यास निष्काळजीपणा नसला तरी भरपाई द्यावी असे ठरले होते. प्रिव्ही कौन्सिलने ते तत्त्व इथे लावले नाही. हे तलाव प्राचीन आहेत, हजारोंचे जीवन त्यांवर चालते, ते राखणे हे जमीनदाराचे परंपरेने आलेले कर्तव्य आहे. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, म्हणून तो जबाबदार नाही, असा निर्णय झाला. लोकोपयोगी तलाव आणि हौसेचा तलाव यांत या निकालाने नकळत एक रेघ ओढली. हौसेच्या तलावाला हे संरक्षण मिळेल का, हा प्रश्न तेव्हा नव्हता. आता आहे.

पुण्याजवळचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. महाराष्ट्राने धरण सुरक्षितता संघटना नाशिकला स्थापन केली ती १९८० मध्ये. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, त्रुटींची वर्गवारी ही पद्धत इथे बरीच आधी रुळली. मोठ्या धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत सर्वाधिक धरणे महाराष्ट्राचीच, दोन हजारांहून जास्त. त्या मानाने देशाचा कायदा उशिरा आला: धरण सुरक्षा अधिनियम, २०२१, अंमल ३० डिसेंबर २०२१ पासून.

या कायद्याची सर्वांत चांगली गोष्ट त्याची मालकाची व्याख्या. जो धरणाचा धनी आहे तो मालक. पण जो ते ताब्यात ठेवतो, चालवतो किंवा राखतो तोही मालक. शासन, महामंडळ, स्थानिक संस्था, कंपनी, सगळे तीत येतात. नाव एकाचे आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही पळवाट त्यामुळे बंद होते. मालकाने सुरक्षा कक्ष ठेवायचा, तपासण्या करायच्या, आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवायचा, ठरावीक काळाने तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाकडून सर्वंकष मूल्यमापन करून घ्यायचे. कायद्याच्या अंमलात अडथळा आणला किंवा दिलेले निर्देश धुडकावले तर एक वर्षापर्यंत कैद वा दंड. त्यातून जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत.

कमकुवत बाजू आहे ती उंचीच्या चाळणीची. पंधरा मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण कायद्यात येते. दहा ते पंधरा मीटरमधले तेव्हाच, जेव्हा लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, म्हणजे १ दलघमी, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर असेल, अथवा पाया किंवा रचना विशेष अवघड असेल. दहा मीटरच्या आतले कोणतेच नाही. वाशीमचे बरेचसे पाझर तलाव आणि गावतलाव या चाळणीतून खाली पडतात. ब्रिटनमध्ये वेल्समधल्या डॉल्गॅरॉगच्या १९२५च्या धरणफुटीनंतर कायदा झाला. १९७५च्या सुधारित कायद्यात जमिनीच्या पातळीवरचा २५,००० घनमीटर साठा ही मर्यादा ठेवली गेली आणि पुढे वेल्सने ती १०,०००पर्यंत खाली आणली. आपली मर्यादा लाखांत, त्यांची हजारांत. त्यांच्याकडे धरणे कमी आणि तपासणारे अभियंते जास्त, हेही खरे.

कोण काय म्हणते

अभियंत्यांच्या वर्तुळात एक मत बळावते आहे: निकष उंचीचा नको, खाली काय आहे त्याचा हवा. आठ मीटरच्या भिंतीखाली शाळा असेल तर ती धोकादायक, अठरा मीटरच्या भिंतीखाली दोन कोस रान असेल तर कमी धोक्याची. कायद्यातही धोक्याच्या वर्गवारीची तरतूद आहे, पण ती चाळणीतून आत आलेल्या धरणांसाठी. या मताला व्यावहारिक उत्तर असे की प्रत्येक पाझर तलावाच्या पुराचा नकाशा काढायचा तर जिल्हा परिषदेच्या उपविभागात आज असलेली माणसे पुरणार नाहीत.

दुसरी बाजू मालकांची, खासगी आणि सरकारी दोन्ही. पाणीपट्टी येत नाही, तर दुरुस्ती कशातून? सिंचनाच्या धरणाला निदान पाणीपट्टीचा आणि पिण्याच्या धरणाला नगर परिषदेचा आधार असतो. सहलीच्या धरणाला प्रवेश तिकीट आणि वाहनतळ सोडून काही नसते, आणि तो पैसाही बहुधा भिंत ज्याची आहे त्याच्याकडे जात नाही. जलसंपदा विभागाने धरणालगतच्या मोकळ्या जागा आणि विश्रामगृहे पर्यटनासाठी खासगी संस्थांना भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण अलीकडे आणले आहे. समर्थकांच्या मते त्यातून पडीक जागांना उत्पन्न मिळेल. शंका घेणारे विचारतात की काठावर हॉटेल खासगी आणि भिंत सरकारी अशी विभागणी झाली, तर पावसाळ्यापूर्वी पाण्याची पातळी किती ठेवायची हे सुरक्षिततेवरून ठरेल की बोटिंगवरून? मिशिगनमध्ये पातळीवरूनच कोर्टकचेऱ्या झाल्या, हे त्यांच्या हाती असलेले उदाहरण.

तिसरे मत सरळ आहे: सगळे शासनाने घ्यावे. मालगुजारी तलावांचा अनुभव या मताच्या आड येतो. मालकी घेता येते, राखण घेता येत नाही. त्यावर उपाय म्हणून चौथा पक्ष पाणी वापर संस्थांकडे आणि ग्रामपंचायतींकडे बोट दाखवतो. २००५च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या संस्थांना पाण्याच्या व्यवस्थापनाचे अधिकार दिले. पण त्या संस्था पाणी वाटण्यासाठी आहेत. जिथे सिंचनच संपले तिथे संस्था कशासाठी जिवंत राहील? शिवाय गावाला भिंत दिली आणि ती फुटली, तर सरपंचावर गुन्हा दाखल होणार का?

या सगळ्यांत मला टाटांच्या आणि मालगुजारांच्या उदाहरणांत एक सारखेपणा दिसतो. दोन्हीकडे पाण्यातून येणारा लाभ आणि भिंतीवरचा खर्च एकाच हातात होते. भिंत टिकली ती त्यामुळे. मालक खासगी होता की सरकारी, हा मुद्दा दुय्यम. सहलीच्या धरणात लाभ घेणारे हजार हात असतात आणि खर्चाचा हात रिकामा. मालकीवरची बरीच चर्चा हा हिशेब टाळून होते, असे माझे मत आहे.

पाचवे मत आपल्याकडे क्वचित उच्चारले जाते: ज्या धरणाचे काम संपले ते नीट, टप्प्याटप्प्याने, अभियंत्याच्या देखरेखीखाली फोडून टाकावे. अमेरिकेत आणि युरोपात जुनी धरणे अशी काढली जातात. वाशीममध्ये हे बोलायला कोणी धजावणार नाही, आणि त्याला कारण आहे. कालवा बंद पडलेला तलावही खालच्या विहिरींना पाणी देतो. उन्हाळ्यात गुरे त्यावर येतात. सरकारदरबारी ‘निकामी’ ठरलेला तलाव गावासाठी निकामी नसतो.

अजून न सुटलेले

दुरुस्तीच्या नावाने होणाऱ्या कामांचा प्रश्न त्यांतला एक. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकऱ्यांनी गाळ उचलला. शेजारच्या बुलडाण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत महामार्गाच्या भरावासाठी तलावांतून माती आणि मुरूम नेला गेला. साठा वाढला, रस्त्याचा खर्च वाचला, दोन्ही चांगलेच. पण पोकलेन भिंतीच्या पायथ्याजवळ किती अंतरापर्यंत जाऊ द्यायचा आणि नैसर्गिक चिकण मातीचा थर कुठे सोडायचा, हे ठरवणारा माणूस प्रत्येक तलावावर हजर असतो असे नाही. तळाचा थर खरवडला गेला तर झिरप वाढते, ती दिसते मात्र पुढच्या किंवा त्यापुढच्या पावसाळ्यात. तोवर ठेकेदाराचे बिल निघालेले असते.

पावसाचे दुसरे. जुन्या तलावांचे सांडवे त्या काळच्या पर्जन्याच्या नोंदींवर आखले गेले. आता चार तासांत महिन्याचा पाऊस पडतो, अशी तक्रार विदर्भात दरवर्षी ऐकू येते. सांडवा रुंद करायचा तर शेजारची शेतजमीन लागते, म्हणजे भूसंपादन, म्हणजे पुन्हा मालकी.

नुकसानभरपाईचा मुद्दा तर कायद्याने जवळजवळ सोडूनच दिला आहे. मालकाला शिक्षा होऊ शकते, पण ज्याचे घर वाहून गेले त्याला धरणमालकाकडून किती आणि कसे मिळेल, हे २०२१च्या कायद्यात नाही. टीकाकारांनी विधेयकाच्या वेळीच त्यावर बोट ठेवले होते. विम्याची सक्ती करावी का, करायची तर दहा गुंठ्यांच्या तलावाचा हप्ता कोणी भरायचा, यावर गंभीर चर्चा अजून सुरूही झालेली नाही.

कायद्यात आलेल्या जुन्या धरणांच्या मालकांना पहिले सर्वंकष मूल्यमापन आणि आपत्कालीन आराखडा यांसाठी पाच वर्षांची मुदत होती. ती ३० डिसेंबर २०२६ला पुरी होते. या आराखड्यात भिंत धोक्यात आल्यावर कोणी कोणाला फोन करायचा, भोंगा कुठे वाजवायचा, कोणता रस्ता पाण्याखाली जाईल, हे लिहिलेले असायला हवे. चाळणीखाली राहिलेल्या तलावांसाठी अशी कोणतीही तारीख ठरलेली नाही.